ताईचे दोन पट्टे

सुक्रे,
२४ फेब्रुवारी १९९७

ती. देमेत्रियाताईस,
धाकट्या कासिआनोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारच्या ट्रकबरोबर रुफो ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. खिशात ठेवलं तर घामाने भिजवतो, म्हणून टोपीत ठेव असं बजावलंय. टोपी माझ्याच दुकानातली आहे, तेव्हा तिच्यावर माझा अजून थोडा हक्क पोचतो.

इकडे ठीक. प्लासिदाचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. पावसाळ्यात दोन्हीचा जोर वाढतो. लोकर वाळत नाही, त्यामुळे टोप्या अडून बसल्यात.

आता मुद्द्याचं. रुफो सांगत होता, की कार्निव्हलच्या बाजाराला तू थोलापाम्पापासून चार तास ट्रकात उभी राहून इथे आलीस, आणि माझ्याकडे न डोकावताच परत गेलीस. बसायला पोती होती, त्याने तुला पुढे स्वतःशेजारी जागा देऊ केली, तरी तू आपली फळीला धरून उभीच. जातानाही तेच. वर म्हणतो, तुमच्या ताईच्या कमरेला दोन पट्टे होते, एकावर एक घट्ट बांधलेले. त्याने हे कौतुकाने सांगितलं, की या वयातही बाई काय ताठ! मला कौतुक वाटलं नाही. गिऱ्हाईक दुकानात कसं शिरतं, यावरून ते टोपी घेणार की नुसती हाताळून ठेवणार, हे ओळखण्यात माझी तीस वर्षं गेलीत. चौपन्न वर्षांची बाई चार तास हौसेने उभी राहत नाही.

तेव्हा काय होतंय ते कळव. तुझ्या लेकीला, निएवेसला, कितवा महिना लागला तेही कळव. जावई अजून खाणीतच का?

माया आहे ती आहेच. तिच्या बदल्यात एकदा खरी बातमी पाठवावीस.

तुझा,
कासिआनो


थोलापाम्पा,
९ मार्च १९९७

चि. कासिआनो यास देमेत्रिया हिचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष लिहिण्यास कारण की, आपले पत्र पावले, मजकूर समजला. येथील सर्व मंडळी क्षेम आहेत. माझी प्रकृती ईश्वरकृपेने उत्तम असून पोटाची किंचित तक्रार आहे. ती वयोमानानुसार असावी. पीकपाणी समाधानकारक आहे. निएवेस हिस सहावा महिना असून तिचीही प्रकृती उत्तम आहे. सौ. प्लासिदा हिस आशीर्वाद. तिला म्हणावे, कधी येशील तेव्हा बोलू. पत्रात सर्वच लिहिता येत नाही.

आपली वडील भगिनी,
देमेत्रिया

ता. क. – हे पत्र मी, शाळामास्तर एलिओदोरो, बाईंच्या तोंडून ऐकून लिहिले. बाई दोन वाक्ये सांगून बराच वेळ गप्प राहिल्या. त्या रिकाम्या जागी मी माझ्या मनाने क्षेमकुशल घातले आहे. खुर्ची दिली होती, परंतु सारे उभ्यानेच सांगितले. – ए.


थोलापाम्पा,
२३ मार्च १९९७

ती. मामांस,
निएवेसचा शि. सा. न. वि. वि.

मास्तरांचं पत्र फाडून टाका. आई म्हणते, पुरुषमाणसाला लिहायला बसवून हे सांगायचं कसं? आता मी लिहिते आहे आणि आई सांगते आहे. माझं अक्षर सहावीतलं आहे, सांभाळून घ्या. इथून पुढे आईचं बोलणं.

कासिआनो, हे दुकानातल्या पोरांसमोर मोठ्याने वाचू नकोस. परसात जा. तू लाजशील, पण वाच. तुझे लंगोट मीच बदललेत, तेव्हा लाजायचा पहिला मान माझा.

माझं अंग बाहेर येतं. आज नाही, चौदा वर्षं झाली. शेवटच्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी मी पाठीवर बटाटे घेऊन उतरणीवरून आले, तेव्हापासूनचं आहे. आधी खोकल्यावर यायचं, मग ओझं उचलल्यावर. तीन वर्षांमागे पाळी गेली, वाटलं आता सगळंच थांबेल. उलट आता ते आत राहायलाच तयार नाही. सकाळी हाताने आत ढकलते, वर पट्टा आवळते. दूर चालायचं असलं की दुसरा पट्टा. बसलं की दाब येतो आणि आग होते. आता तिथे जखमही झाली आहे, कपड्याला डाग लागतो.

मी गावाची सुईण. कोणाचं मूल आडवं असलं तर बाईला घोंगडीत घालून दोघी-दोघींनी हलवायचं, हे मीच सगळ्यांना शिकवलं. पाठ दुखते असं खोटं सांगून मी स्वतःलाही तीनदा हलवून घेतलं. अंग जागेवर जाईना. आता खरं सांगावं तर बायका म्हणतील, हिचं स्वतःचं आत राहत नाही, ही आमचं नीट बाहेर काय काढणार! म्हणून चौदा वर्षं कोणाला बोलले नाही. निएवेसलाही आजच कळतंय. (हो मामा. मी लिहिता लिहिता दोनदा थांबले. – नि.)

निएवेसचे दिवस जूनच्या मध्यावर भरतात. मला तिच्यापुढे उकिडवं बसून मूल हातात घ्यायचं आहे. वर्षभर मला उकिडवं बसता आलेलं नाही. मागची तीन बाळंतपणं मी गुडघ्यांवर टेकून केली आणि बायकांना वाटलं, मी देवाची प्रार्थना करते आहे. इस्पितळात मी तिला पाठवणार नाही. तिथे अंगावर गार पाणी ओततात, आणि वार मागितली तर कचऱ्यात गेली म्हणून सांगतात. वार घरी चुलीशी पुरायची असते, हे त्यांना कोण सांगणार!

प्लासिदाला विचार यावर काही औषध आहे का. फक्त तिलाच.

आशीर्वाद तुला नेहमीचेच, आज थोडे चोरून पाठवते.

देमेत्रिया


सुक्रे,
२७ एप्रिल १९९७

ती. ताईस,
कासिआनोचा शि. सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचलीस हे रुफोकडून कळलं. परत उभीच गेलीस हेही कळलं.

प्लासिदाच्या निरोपावरून तू इथे आलीस, त्या आठ दिवसांतले पाच तर इस्पितळात एक नंबर मिळवण्यात गेले. ते तू पाहिलंस, त्याबद्दल लिहून शाई वाया घालवत नाही. एवढंच सांगतो, की सहाव्या दिवशी डॉ. मोंतानो भेटल्या नसत्या तर मी त्या नंबरवाल्याच्या डोक्याचं माप घेऊन त्याला दोन बोटं लहान टोपी बसवणार होतो. बाई तरुण आहेत पण हात हलका आहे असं तूच म्हणालीस, आणि हाताबद्दल तू कोणालाच सहज बरं म्हणत नाहीस.

तू गेल्यावर मी त्यांना पुन्हा भेटलो. त्यांचं म्हणणं असं : पिशवी पूर्ण उतरली आहे, जखम आधी मलमाने भरायची, मग पिशवी खालूनच काढायची. पोट फाडावं लागणार नाही. पुढे सहा महिने ओझं उचलायचं नाही. मी विचारलं, तोवर आधाराला काही? तर म्हणाल्या, रबराचं कडं मिळतं, पण इस्पितळात वर्षभर आलेलं नाही. मी म्हटलं, माप द्या, मी करतो, टोपीच्या कडा मी रोज वळवतो. बाई हसल्या. मग म्हणाल्या, असं काही करून बसू नका, जखमेत गेलं तर बाई हातची जाईल. तेव्हा तूही काही घरगुती करू नकोस.

पुढे माझी गाठ कारकुनाशी. नाकावर चष्मा, हातात शिक्का. त्याने पहिलं विचारलं, बाई गरोदर आहे का. मी म्हटलं, चौपन्न वर्षांची आहे. तर म्हणे, गरोदर असती तर सगळं सरकारकडून फुकट झालं असतं. म्हणजे पिशवीत मूल असेपर्यंत पिशवी सरकारची, मूल निघालं की ज्याची त्याला. मी म्हटलं, खर्च मी देतो, तारीख सांगा. तर म्हणे, पिशवी काढायला नवऱ्याची सही लागते.

ताई, त्या इलारिओला ऊस तोडायला आर्जेन्टिनाला जाऊन तेरा वर्षं झाली. सातापैकी चार लेकरं तू एकटीने पुरलीस. त्या माणसाला शोधायला आजवर कोणी सरकारी कुत्रंही फिरकलं नाही, आणि आता त्याच्या सहीवाचून तुझी पिशवी हलत नाही! मी म्हटलं, नवरा बेपत्ता लिहा. तर म्हणे, फॉर्मात हयात आणि मयत अशा दोनच चौकटी आहेत.

आणखी एक. नातेवाइकांपैकी दोन जणांनी रक्त द्यायला हवं, एकेक बाटली. ते जमा झाल्याशिवाय तारीख मिळत नाही. तेव्हा गावातले दोन तगडे गडी पाठवून दे. प्रवासाचं आणि जेवणाचं माझ्याकडे. पाहिजे तर एकेक टोपीही देतो.

तुझ्या मायेवर वाढलो. ती सही-शिक्क्यावाचून मिळाली, हे आज फार आठवतं.

कासिआनो


थोलापाम्पा,
११ मे १९९७

चि. कासिआनोस,
देमेत्रियाचे आशीर्वाद. (आणि निएवेसचा नमस्कार. मला आठवा संपत आला. पोट इतकं पुढे आलंय, की कागद पोटावरच ठेवून लिहिते आहे. – नि.)

मलमाने आग कमी झाली आहे. बटाटे काढून झाले. मी ओझं उचललं नाही, असं डॉक्टरीणबाईंना सांग. तुला खरं सांगते, थोडंसं उचललं.

तुझे दोन तगडे गडी मी शोधले. आधी चुलतभाऊ फोर्तुनातो. तीन दिवस मक्याची चिचा पिऊन नाचतो, म्हणून वाटलं याच्यात ताकद असेल. तर म्हणाला, रक्त एकदा गेलं की परत भरत नाही, जन्माला येताना मिळालेलं तेवढंच, आणि त्याला मळणी करायची आहे. दुसऱ्याने विचारलं, ती बाटली नंतर कुठे जाते? शहरातले गोरे लोक पितात म्हणे. तिसऱ्याची बायको मीच दोनदा मरणातून ओढून काढली. तो कोकाची पानं चघळता चघळता म्हणाला, बायकांच्या दुखण्यात पुरुषाचं रक्त चालेल का, ते आधी विचारून घ्या. मास्तर एलिओदोरो बिचारे लगेच तयार झाले. पण त्यांना मागच्या वर्षी कावीळ झाली होती, तेव्हा ते बाद.

मग मला राग आला. नदीवर धुणं धुताना मी बायकांना सगळं सांगून टाकलं. दोन पट्टेसुद्धा सोडून दाखवले. म्हटलं, मी मेले तर तुमचं तुम्ही बघा. कोणी हसलं नाही. अकरा जणी म्हणाल्या, आम्ही येतो.

आता तुझा कारकून. कासिआनो, तू विसरलास, मी विसरले, सगळं गाव विसरलं. माझं लग्न झालंय कुठे? आपल्याकडच्या चालीने दोन वर्षं एकत्र राहून पाहायचं, मग पाद्र्यापुढे आणि कागदावर. आमची दोन वर्षं झाली. बँडवाल्यांसाठी ठेवलेले पैसे इलारिओने पिऊन टाकले. पुढच्या वर्षी करू म्हटलं तर पोटात निएवेसचा भाऊ. मग राहिलं ते राहिलं. लोकांनी नवरा म्हटलं, मीही म्हटलं, कागदाला कोणी विचारलंच नाही. माझं ओळखपत्र काढून बघ, तिथे अविवाहित लिहिलंय. दोन आठवडे आपण एका नसलेल्या नवऱ्याला शोधतोय!

एक विचारायचं राहिलं. तू अठ्ठेचाळीस वर्षांचा, दिवसाला दोन वाट्या शेंगदाण्याचं सूप पितोस, गाल लाल आहेत. नातेवाईक तर तूही आहेस.

आशीर्वाद पाठवते. उत्तर दिलंस तर आणखी पाठवीन.

देमेत्रिया


सुक्रे,
२५ मे १९९७

ती. ताईस,
कासिआनोचा शि. सा. न. वि. वि.

कारकुनाला तुझं ओळखपत्र दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाला, कुमारिका असल्यास स्वतःची सही किंवा अंगठा चालतो. सात बाळंतपणं झालेल्या कुमारिकेचा कागद त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता शिक्का मारून दिला. मला हसावं की त्याच्या टेबलावर मूठ आपटावी ते कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं. हे काम झालं.

आता दुसरं, आणि ते झालं नाही.

शुक्रवारी तुझ्या अकराही जणी आल्या. धुतलेले घागरे, डोक्यावर सणाच्या टोप्या, दोघींच्या पाठीला मुलं. मी त्यांना इस्पितळात घेऊन गेलो तेव्हा सगळा व्हरांडा वळून बघत होता. मला वाटलं, दोन बाटल्या काय, पिंप भरेल. नर्सने एकेकीचं बोट टोचलं. पहिलीला म्हणाली, रक्त पातळ आहे, चालणार नाही. दुसरी, पातळ. तिसरी अंगावर पाजते, चालणार नाही. चौथीचं वजनच भरेना, तिने टोपी घालून पुन्हा उभं राहायची तयारी दाखवली. असं करत अकराच्या अकरा बाद. एकही नाही, ताई!

त्यांना आधी वाटलं नर्स थट्टा करते आहे. मग त्यांच्यातली थोरली, ती तिरकी हसणारी फ्लोरेन्सिया, डॉ. मोंतानोंना म्हणाली, बाईसाहेब, नऊ वेळा बाळंत होताना घरभर रक्त सांडलं तेव्हा ते चालत होतं, आज एका बाटलीला चालत नाही काय? डॉक्टरीणबाई उठल्या. मग कपाट उघडून लोहाच्या गोळ्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाटल्या. सहा जणींना पुरल्या. उरलेल्या पाच जणींना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या. फ्लोरेन्सियाने विचारलं, पुढच्या महिन्यात येतील का गोळ्या? बाई म्हणाल्या, माहीत नाही. रागावल्या होत्या. आमच्यावर नव्हे.

मी तेव्हा आत नव्हतो, ट्रकवाल्याशी बोलायला बाहेर गेलो होतो. हे सगळं प्लासिदाने सांगितलं.

माझ्याबद्दल तू विचारलंस. हल्ली मला सर्दी आहे. शिवाय लोकर उकळायचे दिवस, वाफेत उभं राहावं लागतं, चक्कर येऊन चालत नाही. मी आणखी माणसं बघतो आहे. शेजारच्या पाववाल्याशी बोललोय, तो विचार करून सांगणार आहे.

तुझा लोभ कमी होऊ नये. कमी व्हावा असं काही माझ्याकडून घडत असेल तर ते लिहू नये.

कासिआनो


थोलापाम्पा,
२२ जून १९९७

ती. मामांस,
निएवेसचा शि. सा. न. वि. वि.

मामा, मुलगी झाली. १५ तारखेला. आधी माझं सांगते, आईचं शेवटी.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी खांबाच्या दोरीला धरून बसले होते. आई म्हणाली, आज गुडघ्यांवर टेकणार नाही, माझ्या लेकीचं मूल आहे. तिने तिसरा पट्टा बांधला आणि उकिडवी बसली. मी कळा देत होते, तरी मला तिचा चेहरा दिसत होता. मूल तिच्या हातात आलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला. मला वाटलं आनंदाचा. वार पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठता येईना. शेजारणीला घेऊन मदतीला आलेल्या फ्लोरेन्सियामावशीने मुलीची नाळ कापली आणि त्या दोघींनी आईला उचललं. तिच्याखालची घोंगडी माझ्या घोंगडीपेक्षा जास्त भिजली होती. वार मावशीनेच चुलीशी पुरली. आई आठ दिवस आडवी आहे. डाग थांबलाय, पण ताप येऊन गेला. आता आईचं बोलणं.

कासिआनो, पाववाल्याचा विचार झाला का?

नसेल तर राहू दे. मी तुला एक आठवण देते. तू सात वर्षांचा होतास. बाबांनी सणाला मेंढी कापली. तू पडवीत उभा होतास आणि एकदम पिठाच्या पोत्यासारखा खाली आलास. शुद्धीवर आलास तेव्हा बाबांना कळू नये म्हणून मी सांगितलं, की त्याने हिरवी फळं खाल्ली. पुढच्या प्रत्येक मेंढीला तू माझ्या घागऱ्यात तोंड खुपसून उभा राहायचास. लोकांना वाटायचं, ताईचा किती लळा!

मला रक्ताच्या पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. मी वाट पाहत होते, तू स्वतः म्हणशील म्हणून. तू रुफोवरून मला ओळखलंस, मी तुझ्या सर्दीवरून तुला ओळखू नये होय? मी चौदा वर्षं लपवलं, तू एकेचाळीस. एकाच आईची आपण. पण माझं आता गावाने पाहिलं, आणि काही आकाश कोसळलं नाही.

घागरा तिथे आणता येणार नाही. प्लासिदाचा धर.

मुलीचे आणि माझे, दोघींचे आशीर्वाद. तिचे अजून मुठीत आहेत.

देमेत्रिया


सुक्रे,
६ जुलै १९९७

ती. ताईस,
कासिआनोचा शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी, ४ तारखेला, दिलं.

सगळं सांगतो, कारण प्लासिदा सांगणारच आहे. नर्सने पाकिटातून सुई काढली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. कॅलेंडरवर मेंढ्या होत्या. मी खुर्चीवरून गेलो तो थेट प्लासिदाच्या गुडघ्यांवर. आता ते कुरकुरण्यापलीकडे गेलेत. शुद्धीवर आल्यावर नर्स म्हणाली, सुई अजून लावलीसुद्धा नाही. मग आडवं करून, डोळ्यांवर माझीच टोपी ठेवून बाटली भरून घेतली. माझं रक्त म्हणे उत्तम आहे, दाट. ते ऐकून मला त्या अकरा जणींची लाज वाटली.

आणखी एक आहे, ते लिहायला चार कागद फाडले. दोन माणसं हवीत असं मी तुला लिहिलं होतं. हवी होती दोनच, पण प्लासिदाने तिची बाटली एप्रिलमध्येच, तू इथून गेलीस त्याच आठवड्यात देऊन टाकली होती. राहिली होती एक. एक लिहिलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, ती तुझी का नाही. म्हणून दोन लिहिलं. त्या एका आकड्यापायी तू फोर्तुनातोपुढे पदर पसरलास, अकरा बायकांनी दिवस घालवला, प्लासिदाची बाटली मुदत संपत आली म्हणून दुसऱ्याच कोणाला गेली, तिला दुसरी भरून द्यायला परवापर्यंत थांबावं लागलं, आणि निएवेसच्या वेळी तू तिसरा पट्टा बांधलास. मी धंद्यात अनेक थापा मारल्या आहेत, पण मापात कधी खोटं केलं नाही. हे माप खोटं दिलं.

तारीख २९ जुलै. संपाची कुजबुज आहे, पण डॉ. मोंतानो म्हणाल्या, संप झाला तरी मी दारातून आत येईन. २५च्या ट्रकने ये. रुफोला सांगून पुढच्या जागेवर गादी घालतोय. उभी आलीस तर चालेल, पण ये.

रागव, पण आशीर्वाद तोडू नकोस. हवं तर अर्धे पाठव.

कासिआनो


थोलापाम्पा,
२४ ऑगस्ट १९९७

चि. कासिआनोस,
देमेत्रियाचे पूर्ण आशीर्वाद. (लिहिणारी निएवेस. मुलगी मांडीवर आहे, शाईत बोट घालते. – नि.)

मी तुझ्या घरातून निघाले तेव्हा तू दारात उभा न राहता आत लोकर बघायला गेलास. म्हणून जे बोलायचं होतं ते लिहूनच सांगते.

राग आला होता. तीन आठवडे राहिला. मग पिशवी काढून झाल्यावर इस्पितळात जाग आली तेव्हा बाजूच्या दांडीला बाटली लटकत होती. नर्सला विचारलं कोणाची. म्हणाली, टोपीवाल्याची. ती थेंब थेंब माझ्यात उतरत होती आणि मला हसू येत होतं, टाके दुखेपर्यंत. म्हटलं, आयुष्यभर माझ्या घागऱ्यामागे लपला, आता पुरताच आत आला. तेव्हा तुझं माप चुकतं झालं. पुन्हा काढायचं नाही.

गार पाण्याने मला कोणी न्हाऊ घातलं नाही. मी आधीच सांगून ठेवलं होतं, की पाणी मी स्वतः हात घालून बघीन. काढलेली पिशवी मागितली, तर दिली नाही. म्हणाले, तपासायला पाठवली. सात लेकरं राहिली तिच्यात. चुलीशी पुरायची होती. डॉ. मोंतानो म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, पण तसा फॉर्म नाही.

मला न्यायला गावातून चौघी आल्या होत्या. फ्लोरेन्सिया, दोघी सासवा-सुना, आणि पाव विकणारीची मधली मुलगी, जी अजून तिशीचीही नाही. मला वाटलं मायेपोटी आल्या. माया होतीच. पण ट्रक शहराबाहेर पडल्यावर फ्लोरेन्सियाने पोलक्याची कड वर केली आणि मला दाखवलं. दोन पट्टे. मग बाकीच्या तिघींनी. फ्लोरेन्सिया म्हणाली, नदीवर तू सोडून दाखवलेस तेव्हाच बोलणार होतो, पण आधी तू जगतेस का ते बघितलं.

तेव्हा डॉ. मोंतानोंना सांग, की चार नंबर हवेत, आणि रांगेत पाच-पाच दिवस उभं राहायला या बायका आता थांबणार नाहीत. फॉर्मात चौकटी किती आहेत ते कारकुनाने आधीच मोजून ठेवावं. यातल्या दोघींचे नवरे हयात आहेत आणि काही उपयोगाचे नाहीत. राहिलेल्या गोळ्या आल्या का तेही विचार. नसतील आल्या तर रोज जाऊन विचार. तू तिथे नुसता दिसलास तरी त्यांना कंटाळा येतो, एवढं मला कळलंय.

आणि प्रत्येकीला दोन बाटल्या. मी नर्सला विचारून आले, एकदा दिलं की दोन महिने थांबावं लागतं. तुझे दोन महिने ४ सप्टेंबरला भरतात.

परतीचा रस्ता तोच, चार तासांचा. मी बटाट्याच्या पोत्यावर गादी घालून बसले होते. त्या चौघी फळीला धरून उभ्या होत्या, सबंध रस्ता.

प्लासिदाच्या गुडघ्यांना मलम पाठवते आहे. तुला आशीर्वाद, आणि शर्टाची बाही सैल शिवून घे.

देमेत्रिया